देवभय आणि दुष्कर्मापासून वळणे : हिब्रू ज्ञानवाङ्मयातील एक जोडसूत्र व त्याचे मराठी रूपांतर

१

मराठीत 'देवभीरू' आणि 'पापभीरू' हे दोन शब्द पूर्वापार जोडीने वावरत आले आहेत. ज्याच्या ठिकाणी पहिला गुण आहे त्याच्या ठिकाणी दुसराही असणार, हे आपण न बोलता गृहीत धरतो. तथापि व्यवहारात या शब्दांचा अर्थ हळूहळू उतरत गेलेला दिसतो. 'पापभीरू' म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा, तंट्यापासून अंग काढून घेणारा, निरुपद्रवी आणि काहीसा भित्रा गृहस्थ. हा शब्द उच्चारताना स्तुतीपेक्षा कीवच अधिक व्यक्त होते.

हिब्रू ज्ञानवाङ्मयाने मात्र हेच दोन गुण एकत्र करून त्यांत मानवी शहाणपणाचे सार पाहिले. परमेश्वराचे भय धरणे आणि वाईटापासून वळणे ही जोडी 'नीतिसूत्रे' व 'ईयोब' या दोन ग्रंथांत पुनःपुन्हा येते. आणि ज्या ईयोबास या गुणांचा आदर्श म्हणून पुढे केले आहे तो काही भित्रा गृहस्थ नव्हे. तो नगराच्या वेशीत न्यायासनावर बसणारा, अनाथांचा कैवार घेणारा आणि प्रसंगी प्रत्यक्ष देवाशी वाद घालणारा पुरुष आहे. मग या जोडसूत्रातील 'भय' म्हणजे नेमके काय? आणि मराठीत उतरताना त्याचे काय झाले? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, सूत्राचा उत्तरार्ध हीच त्याच्या पूर्वार्धाची खरी टीका होय. वाईटापासून वळण्याच्या प्रसंगांवरून देवभयाचा अर्थ लावला, तर ते भय दुर्बळाची भीती न राहता निर्भय आचरणाचा पाया ठरते. उलट भयाचा अर्थ एकट्या त्या शब्दावरून लावला, तर सारे सूत्रच विपरीत होते.

२

प्रथम मूळ शब्द पाहू. हिब्रूतील 'यिरआ' या नामात भीती, धाक, आदर आणि पूज्यभाव या सर्व छटा सामावलेल्या आहेत. ज्या धातूपासून हे नाम झाले, तोच धातू 'लेवीय' ग्रंथाच्या १९व्या अध्यायात आईबापांविषयीचे कर्तव्य सांगताना योजला आहे, आणि तेथे आईचा उल्लेख बापाच्या आधी येतो. आईची दहशत बाळगावी असा त्याचा अर्थ कोणीही करणार नाही. आपल्या घरात वडीलधाऱ्यांचा जो धाक असतो, ज्यात माया आणि मर्यादा एकत्र नांदतात, त्याच्या जवळचा हा भाव आहे.

सूत्राचा दुसरा भाग 'सूर मेरा' असा आहे. 'सूर' म्हणजे चालत्या वाटेवरून बाजूला होणे, वळणे; 'रा' म्हणजे वाईट. येथे मराठी वाचकाने एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. 'त्याग' म्हटले की हातातील वस्तू टाकण्याचे चित्र उभे राहते. 'सूर' या क्रियापदात वस्तू नाही, वाट आहे. नीतिसूत्रांच्या पहिल्या नऊ अध्यायांत जीवन ही एक वाट असून माणूस हा वाटसरू आहे, ही कल्पना सर्वत्र पसरलेली आहे. वाईट हे त्या वाटेला फुटणारे आडवळण. ते एकदा टाकून संपत नाही. ते रोज समोर येते, म्हणून रोज त्यापासून वळावे लागते.

या दोन भागांचा संबंध ग्रंथकारांनी निरनिराळ्या रीतींनी जोडला आहे. नीतिसूत्रांच्या ३ऱ्या अध्यायात दोहोंची आज्ञा लागोपाठ दिली आहे. १६व्या अध्यायात देवभय हे साधन व वाईटापासून दूर होणे हे त्याचे फळ मानले आहे. ८व्या अध्यायात तर मधले अंतरही पुसून टाकून वाईटाचा द्वेष हेच देवभय, अशी जवळजवळ व्याख्याच केली आहे; आणि त्या वाईटात प्रथम गणना होते ती गर्वाची व उद्दामपणाची. ईयोबाच्या २८व्या अध्यायातील ज्ञानविषयक काव्य या सर्वांचा कळस होय. माणूस डोंगर पोखरून चांदी, लोखंड, रत्ने बाहेर काढतो, पण शहाणपण कोणत्याही खाणीत सापडत नाही व कोणत्याही मोलाने मिळत नाही, असे दीर्घ वर्णन केल्यावर कवी अखेरीस माणसाच्या वाट्याला येणारे शहाणपण म्हणून याच जोडसूत्रापाशी येऊन थांबतो.

३

हे वाङ्मय एकाकी जन्मलेले नाही. प्राचीन मिसर व मेसोपोटेमिया येथे राजदरबारी लेखकांच्या परंपरेत उपदेशग्रंथ रचले जात. मिसरमधील आमेनेमोपे याच्या उपदेशाचा पपायरस बज यांनी १८८८ मध्ये ब्रिटिश म्यूझियमसाठी मिळविला व १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने त्याचे नीतिसूत्रांच्या २२व्या ते २४व्या अध्यायांशी असलेले निकट साम्य दाखवून दिले. तेव्हापासून हिब्रू ज्ञानवाङ्मयाकडे पाहण्याची अभ्यासकांची दृष्टी पालटली. हे शहाणपण एका जमातीची मिरास नसून साऱ्या प्राचीन पूर्वेचा समाईक ठेवा होता, हे मान्य करावे लागले.

या दोन्ही ग्रंथांत आढळणारा एक विषय आपल्या विशेष परिचयाचा आहे. तो म्हणजे शेताची हद्द. दुबळ्याच्या, विशेषतः विधवेच्या व अनाथाच्या, शेताची खूण सरकवू नये, असा उपदेश मिसरी व हिब्रू हे दोन्ही आचार्य करतात. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरसारख्या कापूस-संत्र्यांच्या तालुक्यात, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकरी मुलखात, 'बांध कोरणे' म्हणजे काय हे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. नांगराचा एक तास बांधाला लागून थोडा आत घालावयाचा. पुढल्या वर्षी आणखी थोडा. चारपाच हंगामांत वीतभर बांध दोरीएवढा होतो आणि शेजाऱ्याची जमीन आपल्या वावरात येते. ही चोरी असूनही चोरीसारखी दिसत नाही. ती करताना कोणी पाहत नाही, आणि पुढे मोजणी आणण्याचे बळ शेजारच्या विधवेस असतेच असे नाही. बाजारात 'काटा मारणे' हा प्रकारही याच जातीचा. खोट्या वजनांचा निषेध नीतिसूत्रांत व आमेनेमोपेच्या उपदेशात सारख्याच आग्रहाने केलेला आहे.

देवभयाचे खरे क्षेत्र येथे उघड होते. हा शब्द हिब्रू ग्रंथ कोठे योजतात ते पाहावे. लेवीय ग्रंथाच्या त्याच १९व्या अध्यायात बहिऱ्यास शिव्याशाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे सांगून लगेच देवाचे भय धरण्याची आज्ञा केली आहे. बहिऱ्यास शिवी ऐकू येत नाही. आंधळ्यास अडखळण कोणी ठेवले हे दिसत नाही. म्हणजे अपराध्यास पकडणारे मनुष्यांत कोणीच नाही. २५व्या अध्यायात हाच शब्द जमिनीच्या व्यवहारात फसवणूक, गरीब झालेल्या बांधवाकडून व्याज आणि चाकरावर कठोर अंमल या तीन प्रसंगी पुन्हा येतो. येथेही एक पक्ष सबळ व दुसरा निर्बल आहे. तात्पर्य, जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही व लोकलज्जेचा डोळा पाहत नाही, तेथे माणसास आवरणारी जी शक्ती, तिला या ग्रंथांनी देवभय म्हटले आहे. हे भय दुर्बळास सांगितलेले नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचे नुकसान करण्याची सोय आहे, त्यास ते सांगितले आहे.

४

याहून पुढची पायरी 'निर्गम' ग्रंथाच्या आरंभी दिसते. मिसरच्या राजाने शिफ्रा व पुआ या दोन सुइणींस हिब्रू स्त्रियांचे मुलगे जन्मतःच मारून टाकण्याचा हुकूम केला. त्या देवास भीत होत्या, म्हणून त्यांनी तो हुकूम पाळला नाही, असे ग्रंथकार सांगतो. येथे भयाचे फळ आज्ञाधारकपणा नसून अवज्ञा आहे. पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य राजाचे भय ज्यामुळे नाहीसे झाले, त्यासच कथेने देवाचे भय असे नाव दिले आहे. मोठे भय लहान भयास बाहेर घालविते, हा या विचाराचा गाभा होय. नीतिसूत्रांच्या २९व्या अध्यायात माणसांच्या भीतीस फासा म्हटले आहे, त्याचेही मर्म हेच. निर्गमाच्या २०व्या अध्यायात तर सीनाय पर्वताशी थरकापलेल्या लोकांस मोशे एकाच दमात भिऊ नका असेही सांगतो, आणि पाप घडू नये म्हणून देवाचे भय तुमच्यासमोर असावे असेही सांगतो. दोन वाक्यांत धातू एकच आहे. भय मात्र दोन आहेत. पहिले भय माणसास पळावयास लावते, तर दुसरे त्यास उभे राहावयास शिकविते.

हा गुण एखाद्या जमातीपुरता मर्यादित नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. अब्राहाम गरार या परक्या नगरात गेला तेव्हा, या ठिकाणी देवाचे भय नाही, तेव्हा पत्नीसाठी लोक आपला जीव घेतील, असे त्यास वाटले. कथेचा उपरोध असा की, तो परका राजाच अब्राहामापेक्षा सरळ वागला. योसेफ मिसरी अधिकाऱ्याच्या वेषात आपल्या भावांस, त्यांनी ओळखले नसताना, मी देवास भिणारा आहे असे आश्वासन देतो. परक्या माणसास परक्याच्या हाती सुरक्षित वाटावे, एवढ्यासाठी ते शब्द आहेत. ईयोब स्वतः ऊस देशाचा, म्हणजे इस्राएलाबाहेरचा. ज्ञानवाङ्मयाने आपला आदर्श पुरुष परक्या देशातून निवडावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

ईयोबाच्या ३१व्या अध्यायातील आत्मनिवेदन हे या जोडसूत्राचे सर्वांत विस्तृत विवरण आहे. दासदासींनी आपल्याविरुद्ध गाऱ्हाणे आणले तर आपण त्यांचा हक्क डावलला नाही. कारण ज्याने आपणास गर्भात घडविले त्यानेच त्यांसही घडविले, असे तो म्हणतो. वेशीतल्या न्यायसभेत आपली बाजू घेणारे आहेत हे ठाऊक असूनही अनाथावर हात उगारला नाही, असेही तो सांगतो. कोर्टकचेरीत ओळख असणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या वाचकास या एका कलमाची धार कळेल. जमावाच्या भीतीने आपण मूग गिळून घरात बसलो नाही, हेही तो नोंदवितो. अखेरीस आपली जमीन आपल्याविरुद्ध ओरडत असेल, तिचे पीक मोल न देता खाल्ले असेल, तर गव्हाऐवजी काटे उगवोत, अशी शपथ तो घेतो. सध्याच्या अर्थाचा 'पापभीरू' माणूस असे बोलणार नाही.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात, व दोन्ही मूळ ग्रंथांतूनच उद्भवतात.

पहिला असा. नीतिसूत्रांच्या २४व्या अध्यायात परमेश्वर व राजा या दोघांचे भय एकाच वाक्यात सांगितले आहे. मग देवभय हे राजसत्तेस वश होण्याचेच साधन नव्हते काय? या ग्रंथाचा काही भाग हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरविला असे २५व्या अध्यायाच्या आरंभीच नमूद आहे. अर्थात ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरच्या यहूदी दरबाराचा हात त्यास लागला आहे. दरबारी लेखक राजाचा मान राखणार हे स्वाभाविकच. परंतु त्याच संग्रहात राजाचे सिंहासन न्यायानेच स्थिर होते व गरिबांचा निवाडा सत्याने करणारा राजाच टिकतो, असे बजावलेले आहे. म्हणजे राजाचे भय हे देवभयाच्या मापाने मोजले जात होते. या मापाचा उपयोग सत्ताधाऱ्यांनी पुढे अनेकदा उलटा केला, हे इतिहासास नाकारता येणार नाही. तथापि सुइणींची कथा ज्या परंपरेने जपली, तिने त्या उलट्या उपयोगाविरुद्धचा पुरावाही जपून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नीतिसूत्रे देवभयाबरोबर दीर्घायुष्य, धन व मान यांचे आश्वासन देतात. मग हे भय म्हणजे एक प्रकारचा सौदाच नव्हे काय? हा प्रश्न ज्ञानवाङ्मयाने स्वतःच उपस्थित केला, हे त्याचे मोठेपण होय. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात सैतान देवापुढे विचारतो की, ईयोब काय फुकट देवास भितो? मूळातील 'हिन्नाम' हा शब्द, म्हणजे 'विनामोबदला', साऱ्या ग्रंथाची किल्ली आहे. धन, मुले, आरोग्य सर्व जाते आणि तरीही ईयोब वाईटाकडे वळत नाही. मित्रांच्या सोयीच्या उपदेशापुढे तो मान तुकवीत नाही, आणि देवाशी भांडूनही देवाची पाठ सोडत नाही. निष्काम कर्माचा विचार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या मराठी वाचकास या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. 'उपदेशक' ग्रंथाचा कर्ता याहून संशयी आहे. नीतिमानास दुर्जनाचे व दुर्जनास नीतिमानाचे फळ मिळताना आपण पाहिले, असे तो स्पष्ट लिहितो. तरीही त्याच्या ग्रंथाचा समारोप देवभयावरच होतो. फळाची हमी गेल्यावरही जे उरले, ते या सूत्राचे शुद्ध रूप म्हणावयास हरकत नाही.

६

आता भाषांतराच्या इतिहासाकडे वळू. 'यिरआ' या शब्दाची अडचण मराठीने प्रथम अनुभवली असे नाही. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरकारांनीच तिला तोंड दिले होते. नीतिसूत्रांत त्यांनी 'फोबोस', म्हणजे भय, हा शब्द योजला. परंतु ईयोबाच्या १ल्या व २८व्या अध्यायांत त्यांनी 'थेओसेबेइया' या कुळातील शब्द पत्करले. त्यांत भीतीचा अंश नसून देवाविषयीचा पूज्यभाव आहे. एकाच मूळ शब्दास दोन ग्रीक पर्याय द्यावे लागले, यातच त्याची व्याप्ती दिसते. पुढे लॅटिन भाषांतरात भयवाचक 'तिमोर' याच कुळातील शब्द दोन्हीकडे स्थिर झाले, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाच्या कानावर प्रामुख्याने तेच पडत राहिले.

मराठीत बायबलमधील कथाविषय प्रथम भव्य रूपात आला तो गोमंतकात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग जुन्या कराराच्या कथेस वाहिलेला आहे. स्टीफन्स यांनी वैकुंठासारखे पुराणपरिचित शब्द निःसंकोच स्वीकारले व परका आशय देशी शब्दांच्या वाटेने श्रोत्यांपर्यंत नेला.

गद्य भाषांतराचा उद्योग मात्र दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे सुरू झाला, आणि त्याचा धागा थेट नागपूरकडे येतो. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांच्या मराठी कार्यातील प्रमुख साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा हे मूळचे नागपूरकडचे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या या पंडितांच्याच हातून 'सिंहासन बत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) व रघूजी भोसल्यांची वंशावळी (१८१६) ही गद्य पुस्तके तयार झाली. म्हणजे हिब्रू ज्ञानग्रंथांच्या मराठी अवताराची तयारी जेथे चालली होती, तेथेच भारतीय नीतिकथांचा सर्वांत लोकप्रिय संग्रहही मराठीत उतरत होता. दोन शहाणपणांची ही गाठ अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. हितोपदेशातील भय हे मुख्यतः संकटाची चाहूल ओळखणाऱ्या चतुराचे भय आहे. राजपुत्रांस व्यवहार शिकविणे हा त्या ग्रंथाचा हेतूच आहे. नीतिसूत्रांतही अशी चतुराई पुष्कळ आहे; परंतु तिच्या मुळाशी देवभय ठेवल्यामुळे चतुराईस एक मर्यादा घातली गेली आहे. एकाच 'भय' शब्दास हे दोन्ही अर्थ वाहावे लागले.

श्रीरामपूरचे मराठी मुंबई-पुण्याकडील वाचकांस परके वाटले. अमेरिकन मराठी मिशनने स्वतंत्र भाषांतर हाती घेऊन १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला, आणि पुढे जुन्या करारासह त्याचे वेळोवेळी संशोधन होत गेले. इकडे नागपुरात १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप यांनी फ्री चर्च मिशनचे कार्य आरंभिले व दुसऱ्या वर्षी शाळा काढली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ त्यांना जलसमाधी मिळाली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. ज्या मुलखातील पंडिताच्या भाषेने पहिल्या भाषांतरास आकार दिला, त्या मुलखात मराठी बायबल हे अशा रीतीने शाळेच्या बाकावर परत आले. या साऱ्या वाटचालीत 'परमेश्वराचे भय' हीच शब्दयोजना रूढ झाली व बायबल सोसायटीच्या प्रचलित आवृत्तीत तीच आढळते. ती चुकीची नाही. परंतु ग्रीक भाषांतरकारांनी राखलेली दुसरी खिडकी तीत बंद झाली आहे.

या प्रश्नाशी एकटीने झुंजलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). लहानपणापासून पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते तेथील स्त्रियांनीच छापले आणि रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ बाहेर पडला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दांमुळे हिंदू दर्शनांतील कल्पना नकळत बायबलात शिरतात, असा त्यांचा आक्षेप होता. अशिक्षित स्त्रीस कळेल असा शब्द हवा, हा त्यांचा आग्रह होता. स्टीफन्स यांनी ज्या दाराने आशय आत घेतला, ते दार रमाबाईंनी विचारपूर्वक बंद केले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या शब्दांहून त्यांचे चरित्र अधिक बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील धर्मभगिनींनी त्यांना चर्चच्या अधिकारापुढे निमूट राहण्यास सांगितले. त्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी स्पष्टपणे कळविले की, स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरविल्यावर तसेच दुसरे जू आपण मानेवर घेणार नाही. सद्सद्विवेक देवाने दिला आहे, तो कोणा माणसाच्या स्वाधीन करता येणार नाही. येथे देवाचा आदर आणि मनुष्यांच्या अधिकाराची निर्भय चिकित्सा या दोन गोष्टी एकाच मुळातून निघाल्या आहेत. शिफ्रा व पुआ यांची कथा मराठी मातीत पुन्हा घडलेली पाहावयाची असेल, तर ती येथे पाहावी.

७

आपल्या परंपरेत या सूत्राचे स्वागत कोणत्या भूमीवर होते, याचा विचार करून हे विवेचन पुरे करू. प्रथमदर्शनी विरोधच दिसतो. भगवद्गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत 'अभय' हा पहिला आहे, आणि ज्ञानदेवांनीही आपल्या टीकेत त्याचे विवरण अग्रस्थानी केले आहे. ज्या समाजाने संपत्तीची गणना अभयापासून आरंभिली, त्यास भयापासून आरंभणारे शहाणपण हीन वाटणे साहजिक आहे. परंतु त्याच यादीत पुढे 'ह्री' येते. ह्री म्हणजे अनुचित कर्माविषयी वाटणारी लाज. हिब्रू जोडसूत्राचा उत्तरार्ध गीतेत या नावाने भेटतो.

याहून जवळचे साम्य बौद्ध परंपरेत आहे, आणि ज्या नगरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेथील अभ्यासकांनी ते अवश्य पाहावे. अंगुत्तरनिकायात 'हिरि' व 'ओत्तप्प' या दोन धर्मांस जगाचे रक्षक म्हटले आहे. हिरि म्हणजे स्वतःच्या प्रतिष्ठेतून उपजणारी पापाची लाज, आणि ओत्तप्प म्हणजे पापाच्या परिणामाचे भय. हे दोन नसतील तर नात्यांची मर्यादाच उरणार नाही, असे तेथे प्रतिपादिले आहे. अर्थात भेदही मूलगामी आहे. बौद्ध विचारात भयाचा विषय दुष्कर्म आहे, देव नव्हे. तथापि नीतिसूत्रांच्या ८व्या अध्यायातील व्याख्या आठवली, तर दोन भिन्न दिशांनी आलेल्या वाटा कोठे जवळ येतात ते दिसेल.

वारकरी परंपरेत ही गोष्ट ग्रंथाहून आचारात अधिक आढळते. कळमेश्वर तालुक्यातील धापेवाडा हे चंद्रभागेकाठचे विठ्ठलक्षेत्र 'विदर्भाची पंढरी' म्हणून ओळखले जाते व संत कोलबास्वामींच्या नावाशी निगडित आहे. आषाढात तेथे येणारा माळकरी विठ्ठलास भीत नाही. त्यास माउली म्हणतो. परंतु गळ्यात माळ घातल्यावर काही वाटा आपल्यास बंद झाल्या, हे तो पक्के जाणतो. ती माळ त्यास दारूपासून वळविते. सकाळी वावरात नांगर धरताना तिनेच त्यास बांधापासूनही वळवावे, अशी गावाची अपेक्षा असते. आणि माळकऱ्यानेच बांध कोरला तर लोक प्रथम माळेचे नाव घेतात. भक्ती खरी की खोटी, याची परीक्षा देवळात होत नसून शेताच्या हद्दीवर होते, हा लोकांचा अलिखित सिद्धान्त आहे. आमेनेमोपे, नीतिसूत्रांचे संग्राहक आणि ईयोबाचा कवी यांचाही सिद्धान्त हाच होता.

म्हणून 'भय' हा शब्द बदलावा की ठेवावा, हा वाद आम्हांस दुय्यम वाटतो. 'आदर' म्हटल्यास सूत्र गुळगुळीत होते. 'धाक' म्हटल्यास कठोर होते. 'भय' म्हटल्यास विपर्यासाचा धोका राहतो. कोणताही शब्द घेतला तरी तो उत्तरार्धापासून तोडू नये, एवढेच महत्त्वाचे. ज्या भयाने माणूस दुबळ्याच्या हद्दीपासून मागे वळतो आणि अन्यायी हुकमापुढे उभा राहतो, ते हिब्रू ज्ञानवाङ्मयातील देवभय होय. ज्या भयाने तो केवळ घरात बसून राहतो, त्यास त्या वाङ्मयाने फासा म्हटले आहे. 'पापभीरू' या मराठी शब्दास त्याचा गेलेला कणा परत द्यावयाचा असेल, तर हा भेद प्रथम आपल्या अध्यापनात स्पष्ट झाला पाहिजे.